बाबांचं ‘येतो’ आणि तारानाकीचा डोंगर

बाबांना ज्वालामुखी दाखवायचा होता, आणि तोही खिशाला परवडेल असा. आमच्या न्यू प्लिमथच्या सहलीमागे याहून मोठा विचार काही नव्हता.

माझे बाबा वाईच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवत होते. फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढावा तर त्यांनीच. लाव्हारसाला लाल खडू, गंधकाला पिवळा, आणि राखेसाठी पांढऱ्या खडूवरून बोट फिरवून केलेला करडा रंग. मुलं त्यांना ‘ज्वालामुखी सर’ म्हणायची, आणि ते काही केवळ आकृतीमुळे नव्हे. तर अशा माणसाने उभ्या आयुष्यात एकही ज्वालामुखी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्या जुन्या नकाशासंग्रहात न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्याला एक सुबक त्रिकोण आणि शेजारी ‘एग्माँट’ एवढंच छापलेलं होतं. त्या डोंगराचं मूळ माओरी नाव तारानाकी. २०१६ साली बाबा आमच्याकडे हॅमिल्टनला आले तेव्हा विमानतळावर मला मिठी मारायच्या आधी त्यांनी विचारलं, “मनू, एग्माँट इथून किती लांब?”

आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिली वारी, आणि बहुधा शेवटची. कारण काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच, उजव्याच्या कडा झिजत चाललेल्या. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मला समजावं म्हणून बाबांनी एकदा वर्तमानपत्राची सुरळी करून माझ्या डोळ्याला लावली. “बघ. एवढं जग उरलंय मला. आणि सुरळी बारीक होत चाललीय.” हे त्यांनी अगदी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. मी मात्र चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून गेले.

तीन महिन्यांत आम्ही त्यांना रोटोरुआचा उकळता चिखल दाखवला. ऑकलंडच्या टेकड्याही दाखवल्या. त्या खरं तर ज्वालामुखीच, पण लोक त्यांच्यावर कुत्री फिरवायला नेतात हे पाहिल्यावर बाबांनी त्यांना ज्वालामुखी मानायला साफ नकार दिला. तारानाकीला जायचं म्हटलं की दर शनिवार-रविवारी काहीतरी आडवं यायचं. कधी माझी शिफ्ट, कधी माझ्या लेकीला, रेवाला, ताप. (मी शहराबाहेरच्या ‘ते रापा’ भागातल्या दूध कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, आणि गायींना शनिवार-रविवार माहीत नसतो.) असं करता करता मंगळवारचं परतीचं विमान समोर येऊन उभं राहिलं आणि हातात एकच वीकेंड उरला.

बेत

हॅमिल्टनच्या मराठी मित्रमंडळींना विचारायची सोय नाही. ते सगळे एकदम साउथ आयलंडला पाठवतात, हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरवतात आणि वर “एकदाच तर जायचंय” म्हणतात. आमच्या घराचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. तेव्हा कुणाला आमच्यासारखंच जायचं असेल तर सांगते. एप्रिलमध्ये जावं, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. गावातलं मोटेल सोडून एखाद्या शेतावरची केबिन घ्यावी. दशम्या, ठेचा आणि डब्याचा सगळा जामानिमा घरून न्यावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुकिंगच्या पानावरची बारीक अक्षरं वाचावीत. ती मी वाचली नव्हती, हे पुढे येईलच.

माझा नवरा केदार हवामानाचं ॲप उघडून बसला होता. शुक्रवार ढग, शनिवार पाऊस, रविवार पुन्हा ढग. त्याने फोन हळूच माझ्याकडे सरकवला. बाबा शेजारच्या खोलीत बॅग भरत होते आणि चक्क शीळ घालत होते. मी फोन पालथा ठेवला.

शुक्रवार

दुपारची शाळा बुडवून रेवाला उचललं आणि निघालो. रेवा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, सावकाश, व्याकरण तपासून बाहेर पडणारं. त्यामुळे मागच्या सीटवर आजोबा मराठीत आणि नात इंग्रजीत असा कारभार चालायचा, आणि दोघांचं काही अडायचं नाही.

आवाकिनोच्या घळीतून रस्ता बाहेर पडतो आणि एका वळणानंतर समोर एकदम समुद्र येतो. पश्चिमेचा, तस्मानचा. मी या देशात सात वर्षं काढली होती, पण तो समुद्र पाहिल्यावर मला गाडी थांबवा म्हणावंसंच वाटलं. वस्ती नाही, होडी नाही, किनाऱ्यावर एक माणूस नाही. लाटा मात्र कोणीतरी बघायला येणार असल्यासारख्या एकामागून एक येत होत्या. मोकाऊ नावाच्या चिमुकल्या गावात थांबलो. तिथे व्हाइटबेट नावाचे दोऱ्याएवढे मासे अंड्यात घालून ऑम्लेटसारखे तळून देतात. केदारने दोन मागवले. बाबा शाकाहारी. त्यांनी ताटलीत वाकून बघितलं आणि म्हणाले, “केदारराव, एका घासात किती डोळे खाताय हो!” केदारचा घास तिथेच थांबला. मग त्याने डोळे मिटून तो संपवला.

हवा स्वच्छ असली तर मोकाऊहून पाण्यापलीकडे डोंगर दिसतो, असं दुकानातल्या बाईंनी सांगितलं. आम्ही किनाऱ्यावर गेलो. पलीकडे ढगांची राखाडी भिंत. बाबा बराच वेळ त्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी मूठभर वाळू उचलली. वाळू काळीभोर होती, उन्हाने कोमट झालेली, जड.

“रेवा, माझ्या बॅगेतला एक मॅग्नेट आण बरं.”

नातेवाइकांना द्यायला त्यांनी फ्रिजवर लावायचे डझनभर मॅग्नेट घेतले होते. त्यातली एक मेंढी रेवा घेऊन आली. बाबांनी ती वाळूतून ओढली आणि वर काढली, तर मेंढीला चहूबाजूंनी काळे केस उभे राहिलेले.

“आजोबा, शी'ज गॉट अ बिअर्ड!”

“लोखंड आहे ते. कुठून आलं सांग.”

“फ्रॉम द सी?”

बाबांनी ढगांच्या भिंतीकडे बोट केलं. “त्याच्या पोटातून. तो फुटला, त्याचे खडक नद्यांनी दळले, समुद्राने इथवर आणून टाकले. तो दिसत नाहीये, पण त्याचं पीठ आपल्या हातात आहे.”

मी आजवर त्या काळ्या वाळूला नुसतं पाय भाजणारी वाळू समजत आले होते. त्या दिवशी मी तिच्यावर चपला काढून उभी राहिले. इथे चपलांना जँडल्स म्हणतात, आणि रेवाच्या मते चपला म्हणजे काहीतरी वेगळंच, फक्त आजोबांकडे असणारं.

शेत इंगलवुडच्या अलीकडे होतं. फाटकाशी एका खोक्यात फिजोआच्या पिशव्या ठेवलेल्या, शेजारी पैसे टाकायला डबा, आणि राखायला कोणी नाही. फिजोआ म्हणजे पेरूचा नाजूक तब्येतीचा मावसभाऊ म्हणा. बाबांनी डबा उचलून पाहिला, हलवून पाहिला, मग दोन नाणी टाकून एक पिशवी घेतली. चार पावलं पुढे जाऊन मागे वळले आणि पुन्हा एकदा डब्याकडे पाहून आले.

शेताच्या मालकीणबाई बेव्ह. साठीच्या पुढच्या, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातावर चिखल, आणि आवाज शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेल असा. नवरा नाही, मुलगा दूध काढतो, बाकी सगळं त्या बघतात. केबिनचं दार उघडून त्यांनी विचारलं, “यू'व्ह ब्रॉट यॉर लिनन?”

हीच ती बारीक अक्षरं. स्वस्त केबिन म्हणजे नुसत्या गाद्या. चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणं आपापली आणायची. केदारने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बेव्ह गेल्या आणि लोकरीच्या पांघरुणांचा ढीग घेऊन आल्या. मी दहादा माफी मागितली, त्यावर ‘काही हरकत नाही’ अशा अर्थाने म्हणाल्या, “स्वीट ॲज.”

बाबा वाट पाहत उभे. बेव्ह दूर गेल्यावर त्यांनी रेवाला विचारलं, “स्वीट ॲज काय? कशासारखं गोड?”

“नथिंग, आजोबा. जस्ट स्वीट ॲज.”

“वाक्य अर्धवट आहे,” बाबा म्हणाले. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

शनिवार

सकाळी पाऊस नव्हता, पण ढग असे खाली उतरले होते की समोरच्या कुरणातल्या गायींचे फक्त पाय दिसत होते. शहरात गेलो. डोंगराच्या पायथ्याचं न्यू प्लिमथ तसं आटोपशीर गाव आहे आणि समुद्राला लगटून मैलोगणती पायवाट आहे. लोक धावतात, बाळांच्या गाड्या ढकलतात, आणि अनोळखी असले तरी “किया ओरा” म्हणून पुढे जातात. बाबांनी पहिल्या दोघांना “नमस्कार” म्हटलं. तिसऱ्याला “किया ओरा” म्हणाले, इतक्या स्पष्ट उच्चारात की तो माणूस थांबून चार वाक्यं बोलून गेला.

त्या पायवाटेवर एक पांढरा पूल आहे. देवमाशाच्या फासळ्या उभ्या कराव्यात तसा. पाटी वाचून रेवा किंचाळली. पुलाचं नाव ‘ते रेवा रेवा’.

“माय नेम! ट्वाइस!”

“न्यूझीलंडला आल्याशिवाय तुझं नाव पुलाला कोण देणार होतं,” केदार म्हणाला, आणि तिचे त्या पाटीपाशी एकवीस फोटो काढावे लागले.

पण या पुलाची खरी गंमत वेगळी. तो अशा कोनात बांधला आहे की एका टोकाला उभं राहिलं की त्या फासळ्यांच्या कमानीत बरोब्बर मधोमध तारानाकी दिसतो. पोस्टकार्डांवर तसाच असतो. आम्ही त्या टोकाला उभे राहिलो. कमानीत बरोब्बर मधोमध ढग होता.

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. मला म्हणाले, “मनू, मला दिसत नाहीये, की नाहीचे?”

“नाहीचे, बाबा. कोणालाच दिसत नाहीये.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. माणसाला हे विचारावं लागतं, याचं मला मात्र वाईट वाटलं.

दुपारी सरळ डोंगरावरच गेलो. पायथ्याच्या जंगलातून वर चढत जाणारा रस्ता आहे, जिथे संपतो तिथून लोक पायी चालतात. ते जंगल मी विसरणार नाही. झाडं वाकडीतिकडी, बुटकी, आणि प्रत्येक फांदीवर हाताएवढं जाड शेवाळ. खोडांवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि सगळ्यातून पाणी ठिबकतंय. बोललं तर आवाज जणू कापसात मुरतो. आम्ही चौघंही आपोआप हळू बोलायला लागलो. सह्याद्रीत मी खूप हिंडले आहे, पण असा ओला, जुना हिरवा रंग पाहिला नव्हता. बाबा एका दगडावर तळवा टेकवून उभे होते.

“आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. पण तो भेगांमधून पसरला, थरावर थर बसले, म्हणून आपले डोंगर सपाट डोक्याचे. याने एकाच तोंडातून सगळं काढलं.” मग हसून म्हणाले, “काय गंमत आहे बघ. मी त्याच्या अंगावर उभा आहे आणि मला तो दिसत नाही.”

वर पर्यटकांसाठीच्या इमारतीत डोंगराची मोठी प्रतिकृती ठेवलेली आहे. शेजारी भलीमोठी खिडकी, तिच्याबाहेर पांढरं धुकं आणि सुरू झालेला पाऊस. बाबा खिडकीकडे पाठ करून प्रतिकृतीपाशी बसले आणि बोटांनी उतार चाचपू लागले. शिखर, विवर, बाजूला फुटलेला छोटा उपशंकू, चहूबाजूंना चाकाच्या आऱ्यांसारख्या सुटलेल्या नद्या. डोळे मिटलेले होते. ते बोटांनी वाचायला शिकताहेत असं मला तेव्हा वाटलं, पुढच्या दिवसांसाठी. मी केदारला बाहेर नेलं आणि पावसात उभी राहून रडले. केदार म्हणाला, “उद्या सकाळ आहे ना अजून.” पण ॲप त्यानेही पाहिलं होतं.

संध्याकाळी बेव्हनी स्वयंपाकघरात चहाला बोलावलं. आम्ही भाकरवडी घेऊन गेलो. ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या दुकानातून आणलेली, खास बाबांसाठी राखलेली. बेव्हनी एक खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बशी स्वतःकडे ओढून घेतली. डोंगराचा विषय निघाला. त्या डोंगराला ‘तो’ म्हणायच्या, घरातल्या लहरी माणसाबद्दल बोलावं तसं.

“दक्षिणेचा गार वारा सुटला की पहाटे कधीकधी तोंड दाखवतो. अर्धा तास, फार तर. मी साडेसहाला वरच्या कुरणात गायींसाठी कुंपणाची तार उघडायला जाते. यायचं असेल कोणाला तर या. ते ॲप बिप बघू नका.”

बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता. केदार म्हणाला, “वी'ल सी.” इथे नाही म्हणायची ती सभ्य पद्धत आहे. सात वर्षांत आम्ही तेवढं शिकलो होतो.

निघताना मी आणि केदार ओसरीवर बुटांच्या ढिगात आपापले बूट शोधत होतो. बाबा आत बेव्हना हात जोडत होते. त्यांचं नेहमीचं “येतो बरं का” मला ऐकू आलं, पाठोपाठ रेवाचं काहीतरी पुटपुटणं, आणि बेव्हचं मोठ्याने “गुड ऑन हिम!” मला वाटलं, चहाबद्दल आभार मानले असतील.

रविवार

खिडकीवर थाप पडली. मी दचकून उठले. बाहेर निळसर उजाडायच्या बेतात होतं आणि काचेला नाक लावून बेव्ह उभ्या.

“वेअर इज ही? ही सेड ही वॉज कमिंग!”

मी दार उघडलं. मला काहीच कळेना. कोण येणार होतं? कुठे? बेव्ह म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी काल सांगितलं येतो म्हणून, मी फाटकाशी दहा मिनिटं गाडी चालू ठेवून उभी आहे, माणूस शब्दाचा पक्का दिसला म्हणून बोलवायला आले.

मी मागे वळून रेवाकडे पाहिलं. ती पांघरुणातून डोकं बाहेर काढून बसली होती.

“बेव्ह आस्क्ड मी व्हॉट ही सेड,” ती म्हणाली. “आजोबा सेड ‘येतो’. सो आय सेड ही'ज कमिंग.” आणि आमची तोंडं बघून, जरा घाबरून, “दॅट्स व्हॉट इट मीन्स!”

तिचं काहीही चुकलं नव्हतं. येतो म्हणजे येतो. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, हे तिला कोणी सांगितलं होतं? आमच्या घरून आम्ही निघायचो ते “बाय” म्हणून.

बाबा एव्हाना शाल गुंडाळून उभे होते. त्यांना काय झालं ते कळलं आणि ते खळखळून हसले. “सांगितलंय ना येतो म्हणून? मग जायलाच पाहिजे. चला!” बेव्हच्या मुलाचे गमबूट त्यांच्या पायांत घातले, दोन मापांनी मोठे. ते बेव्हशेजारी पुढे बसले, आम्ही तिघं पिकअपच्या मागच्या हौद्यात, नाइटड्रेसवर, तारांची भेंडोळी आणि एक ओला कुत्रा यांच्यासोबत. पाऊस थांबलेला होता. वारा असा गार की दात वाजत होते. चढ चढून गाडी थांबली आणि बेव्हनी दिवे बंद केले.

तो होता.

मी एरवी बरीच बोलकी आहे. इथे मला शब्द शोधावे लागताहेत. मैलभर, दोन मैल, दहा मैल सपाट कुरणं, आणि त्यांच्या शेवटी, आजूबाजूला एकही टेकडी सोबतीला न घेता, जमिनीतून थेट आभाळात गेलेला एकच डोंगर. इतका मोठा की मी तो आधी आभाळाचाच भाग समजले. काल दिवसभर तो तिथेच होता, आम्ही त्याच्या खांद्यावर फिरत होतो, आणि आम्हाला पत्ता नव्हता. रात्रीच्या थंडीने त्याच्या माथ्यावर या वर्षीचा पहिला बर्फ भुरभुरला होता. आमच्या पाठीमागे उजाडलं आणि शिखराचं टोक, नुसतं टोक, गुलाबी झालं. मग तो गुलाबी रंग हळूहळू, आपल्याला दिसेल अशा गतीने, उतारांवरून खाली येऊ लागला. कुत्राही तिकडेच तोंड करून बसला होता.

बाबा पाच-सहा पावलं पुढे गेले. मी त्यांचा हात धरायला गेले आणि थांबले. त्यांनी उजवा हात वर केला होता, चिमटीत खडू धरावा तसा. डावा उतार वर नेला. माथा थोडासा कापला. उजवा उतार खाली आणला. मग हात हवेत अडला.

“उपशंकू डाव्या अंगाला आहे.” ते म्हणाले. “मी चौतीस वर्षं उजवीकडे काढला.”

“पलीकडून पाहिलं तर उजवीकडेच असेल, बाबा.”

“असेल. असेल,” ते म्हणाले. आणि मग, “मनू, अख्खा दिसतोय. मान हलवावी लागत नाहीये. या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खा बसलाय.”

मला त्यांची ती वर्तमानपत्राची सुरळी आठवली. जवळून तो कधीच मावला नसता. इतक्या लांबून, त्या बारीक झालेल्या जगात, तो नेमका मावला होता. बाबांनी दोन्ही हात जोडले. त्यांना देवाधर्माचं फारसं नाही, आई देवळात गेली की ते बाहेर चपला राखत उभे राहायचे. पण त्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत. बेव्हनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात घेतली.

वीस मिनिटं. मग समुद्राकडून एक ढग आला, शिखराला टेकला, आणि बघता बघता दुसरे त्याला येऊन मिळाले. पडदा पडला. बेव्हनी टोपी घातली, तार उघडली, गायी एका रांगेत नव्या गवताकडे गेल्या. शिरस्ता असल्यासारखं सगळं पुन्हा सुरू झालं.

खाली उतरताना रेवाने आजोबांना विचारलं, “इफ यू'अर गोइंग, व्हाय डू यू से यू'अर कमिंग?”

बाबांनी थोडा विचार केला. “जातो म्हटलं की गोष्ट संपते. येतो म्हटलं की माणूस परत यायला बांधील राहतो.”

“सो इट्स अ प्रॉमिस?”

“हो. तसंच समज.”

दहा वाजता निरोप घेताना बेव्ह बाबांचा हात हलवत म्हणाल्या, “सी या लेटर, टीच.” बाबांनी रेवाला हळूच विचारलं, “लेटर म्हणजे कधी?” रेवा म्हणाली, इट्स जस्ट व्हॉट पीपल से. बाबांना ते फार आवडलं. जगाच्या या टोकालाही लोक निघताना परत भेटायचंच बोलतात, असं ते हॅमिल्टन येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आणि बेव्हना त्यांनी ठणठणीत आवाजात “येतो” म्हटलं. या वेळी भाषांतर करताना रेवाने पुढे जोडलं, “बट नॉट टुडे.”

मंगळवार

ऑकलंडच्या विमानतळावर बाबांसाठी व्हीलचेअर आणि सोबतीला एक कर्मचारी मिळाला. एकट्याने, पाट्या न वाचता, दोन विमानं बदलत इतक्या लांब येणं यापुढे त्यांना जमणार नाही, हे आम्हा तिघा मोठ्यांना माहीत होतं. मी त्यांच्या हातपिशवीत फिजोआ ठेवले होते, ते केदारने विमानतळाच्या नियमांची आठवण करून देऊन काढायला लावले, आणि आम्ही तिथेच उभ्या उभ्या ते सगळे खाल्ले. बाबांच्या शर्टवर रस सांडला. मी तो पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

मग त्यांनी केदारच्या पाठीवर थोपटलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, “बरं. निघतो मग.”

निघतो. माझ्या लक्षात आलं. आयुष्यभर कधी खोटं न बोललेल्या माणसाने शब्द तोलून उचलला होता. त्यांनी परत यायला स्वतःला बांधून घेतलं नव्हतं.

ते रेवाच्याही लक्षात आलं. ती व्हीलचेअरच्या समोर जाऊन उभी राहिली, वाट अडवून. तिची मराठी म्हणजे तिने दिवसभर माझ्याकडून ऐकलेले हुकूम. प्लीज म्हण. थँक्यू म्हण. सॉरी म्हण. तोच माझा स्वर, तोच कमरेवर हात.

“आजोबा,” ती म्हणाली, “येतो म्हण.”

बाबांनी मान थोडी मागे घेतली, तिला नीट नजरेत बसवण्यासाठी. कर्मचारी थांबला. रेवा हलली नाही.

“येतो,” बाबा म्हणाले. मग सावकाश, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, “येतो, रेवा.”

तिने वाट सोडली. ती माझ्याकडे आली, माझा ओला हात हातात घेतला, आणि मला ते कळलं नसेल अशा समजुतीने तिने भाषांतर करून सांगितलं.

“ही'ज कमिंग, आई.”